हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

मराठवाड्यातील तालुक्याच्या कोणत्याही गावी बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर बँकांच्या पाट्यांच्या जोडीला पतसंस्थांच्या पाट्या हमखास दृष्टीस पडतात. देगलूरही त्याला अपवाद नाही. सायंकाळ झाली की पिग्मीचा एजंट दुकानादुकानांतून फिरू लागतो. पानटपरीवाला, भाजीवाली, शिवणयंत्रावर बसलेला शिंपी अशी माणसे दिवसभराच्या मिळकतीतून पन्नास-शंभर रुपये त्याच्या हाती ठेवतात. हाच पैसा पुढे मुलीच्या लग्नाला, घरावरच्या पत्र्यांना किंवा नांदेडच्या दवाखान्याच्या बिलाला उपयोगी पडावयाचा असतो. या व्यवहारात कागद थोडा असतो आणि भरवसा फार मोठा असतो. हा भरवसा नेमका कशाच्या आधारावर उभा आहे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. आणि विचारला जातो तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

२०२३ साली मराठवाड्याने याचा कटू अनुभव घेतला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सहकारी पतसंस्थेच्या लाखो ठेवीदारांना आपल्याच ठेवी परत मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरातील आदर्श नागरी पतसंस्थेचे प्रकरण उघडकीस आले आणि पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. त्यापूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना प्रारंभी सहा महिन्यांत मिळून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतले होते, आणि ते झाकण्यासाठी हजारो बनावट खाती उघडण्यात आली होती.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर आपली प्रतिक्रिया ठरलेली असते. "माणसेच वाईट निघाली" असे आपण म्हणतो, चार-दोन जणांना अटक झाली की समाधान मानतो आणि पुन्हा दुसऱ्या एखाद्या 'चांगल्या माणसा'च्या संस्थेत पैसे ठेवतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही प्रतिक्रिया हाच आहे. वाईट माणसे सर्व काळी आणि सर्व देशांत असतात. संस्था कशासाठी उभारावयाची, तर सामान्य वकुबाच्या व सामान्य मोहाच्या माणसांकडूनही काम सरळ व्हावे यासाठी. ते होत नसेल, तर दोष माणसाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, रचनेचा आहे असे म्हणावे लागेल.

चारित्र्य आणि रचना

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल, असा इशारा खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. मग रचनेची महती कशाला? परंतु हे सांगणाऱ्याच बाबासाहेबांनी संविधानाच्या मसुद्यात एकेका अधिकारावर अंकुश बसविण्यासाठी किती परिश्रम घेतले होते, हे विसरता कामा नये. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्धही बजावले होते. माणसांच्या सद्गुणांचे मोल ते जाणत होते; मात्र त्या सद्गुणांवर सारा भार टाकून स्वस्थ बसण्यास त्यांची तयारी नव्हती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या दृष्टीने हे पद संविधानातील सर्वांत महत्त्वाच्या पदांपैकी एक होते. म्हणून त्याची रचना कशी केली आहे ते पाहावे. महालेखापरीक्षकाची नेमणूक राष्ट्रपती करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने दूर करता येते, त्याच पद्धतीने त्याला दूर करता येते. त्याचे वेतन संचित निधीवर भारित असते, म्हणजे ते संसदेच्या मतावर अवलंबून नसते. निवृत्तीनंतर त्याला केंद्राची वा राज्याची नोकरी करता येत नाही. ज्याचे हिशेब तपासावयाचे, त्याच्याकडून तपासनिसाला भीतीही नसावी आणि आशाही नसावी, एवढाच या साऱ्या तरतुदींचा अर्थ आहे.

आता हीच कसोटी आपल्या पतसंस्थेला लावून पाहू. महाराष्ट्रात २०१३ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक शासनाने मान्य केलेल्या नामिकेतून, म्हणजे यादीतून, संस्थेची सर्वसाधारण सभाच नेमते आणि त्याचे शुल्कही संस्थाच देते. सभेत कोणाचा शब्द चालतो हे वाचकांना सांगावयास नको. लेखापरीक्षक प्रामाणिक असू शकतो, आणि अनेक असतातही. परंतु कठोर शेरा मारणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळेलच याची शाश्वती नाही. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यानेच परीक्षक निवडावा आणि मानधनही द्यावे, अशी पद्धत आम्ही महाविद्यालयात सुरू केली, तर समाज आम्हांस काय म्हणेल?

मूळ सूत्र हरवले

सहकारी पतपुरवठ्याची कल्पना आपल्याकडे भोळेपणातून आलेली नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हापासून ग्रामीण कर्जाचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे होता. त्यावर उपाय शोधताना जर्मनीतील रायफायझेन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा अभ्यास झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. रायफायझेनच्या योजनेत दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या होत्या. संस्थेचे क्षेत्र लहान, साधारणपणे एका गावापुरते असावे. आणि सभासदांची जबाबदारी अमर्यादित असावी. म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येकाच्या घरादारापर्यंत ती आच पोचेल. मग कोणाला कर्ज द्यावे, घेतलेल्या पैशाचे तो काय करतो, बैल खरोखर खरेदी झाला की पैसा लग्नात उडाला, यावर शेजाऱ्याची नजर आपोआपच राही. ही नजर हेच तारण होते. विश्वास होता, पण त्याच्या पाठीशी माहिती होती आणि माहितीच्या पाठीशी स्वार्थ होता.

पुढे संस्था वाढल्या, जबाबदारी मर्यादित झाली आणि कार्यक्षेत्र तालुक्याचे, जिल्ह्याचे, राज्याचे झाले. ही वाढ अटळ होती आणि तिचे लाभही मोठे झाले. अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणीनुसार १९५१-५२ साली शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के होता आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. सहकार आजवर अपयशी ठरला, तरी तो यशस्वी झाल्यावाचून गत्यंतर नाही, हा त्या पाहणी समितीचा निष्कर्ष प्रसिद्धच आहे. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रात सहकाराने जे उभे केले, ते नाकारण्याचे कारण नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो कारखाना उभारला, त्यात शेतकऱ्याची जिद्द होती आणि अर्थशास्त्रज्ञाची शिस्तही होती.

परंतु वाढीबरोबर एक गोष्ट निसटली. संस्था शेजाऱ्याच्या नजरेबाहेर गेली. तिच्याविषयी बोलण्याची भाषा मात्र शेजारधर्माचीच राहिली. 'आपली संस्था', 'आपला माणूस' हे शब्द कायम राहिले. त्या शब्दांना अर्थ देणारी माहिती व जबाबदारी दोन्ही गेली. बहुराज्यीय संस्थांच्या बाबतीत हे अंतर टोकाला गेले आहे. २००२ च्या कायद्यानुसार या संस्थांचे निबंधक दिल्लीत बसतात. देगलूरसारखे गाव तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगतचे. एका बाजूला मदनूर, दुसऱ्या बाजूला औराद. सोयरीक आणि व्यापार तिन्ही मुलखांत. एकाहून अधिक राज्यांतील सभासद मिळविणे येथे मुळीच अवघड नाही. मात्र ठेव बुडाली तर भाजीवालीने दाद मागण्यासाठी जावे कोठे? २०२३ च्या दुरुस्तीने या संस्थांसाठी निवडणूक प्राधिकरण व लोकपालाची तरतूद केली, हे स्वागतार्ह आहे. पण लोकपालाकडे जाण्याची वेळ तक्रार झाल्यावर येते, आणि पैसा त्याआधीच गेलेला असतो.

ठेवीदाराच्या संरक्षणाचा इतिहासही बोलका आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याच महाराष्ट्रातील, अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कोठे ठेव विम्याची निकड पटली आणि १९६२ पासून दीड हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत विमा सुरू झाला. १९९३ साली ही मर्यादा एक लाख झाली. पुढे सत्तावीस वर्षे ती तेथेच राहिली आणि पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच लाखांवर गेली. दर वेळी आधी बुडणे आणि मग बांध घालणे, असाच हा क्रम आहे. त्यातही हा विमा बँकांना आहे. सहकारी बँकांनाही आहे. परंतु पतसंस्थांना नाही. पाटीवर 'बँक' आणि 'पतसंस्था' या दोन शब्दांतील फरक लहान दिसतो. ठेवीदाराच्या दृष्टीने तो पाच लाख रुपयांचा फरक आहे, आणि हे त्याला काउंटरवर कोणीही सांगत नाही.

रोजगार हमीचा धडा

आपल्याला चांगली संस्था रचताच येत नाही, असा निराशेचा सूर काढण्याचे मात्र कारण नाही. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे रचनेच्या चातुर्याचे जगाने दखल घ्यावी असे उदाहरण आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज सर्वांना पटली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी कामांवर खडी फोडलेली पिढी मराठवाड्यात अद्याप आहे. या कायद्याचे मोल तिला समजावून सांगावे लागत नाही.

या योजनेत गरीब कोण हे ठरविण्याचा अधिकार कोणा साहेबाला दिला नव्हता. जो अंगमेहनतीचे काम मागेल तो पात्र. त्यामुळे यादीत नाव घालण्यासाठी वशिला लागत नव्हता. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे विलंबाची किंमत शासनाला मोजावी लागे. पैशाची सोयही दर वर्षीच्या दयेवर सोडली नव्हती. १९७५ च्या कायद्याने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने घालावयाची, असे ठरले. मंत्री बदलला, सरकार बदलले, तरी योजना चालू राहावी, ही खबरदारी कायद्यातच होती.

आणि तरीही या योजनेत भ्रष्टाचार झाला. कोठे झाला, तर हजेरीपटात. मजुरांची खोटी नावे, खोटे दिवस, खोटे अंगठे. ज्या ठिकाणी मजुराचा हक्क स्पष्ट होता तेथे योजना टिकली. ज्या कागदावर मजुराची नजर पोचत नव्हती तेथे ती पोखरली गेली. या दुखण्यावरचा इलाज राजस्थानातील मजुरांनी दाखविला. १९९४ साली पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरविली आणि सरकारी हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखविले. जे कधी कामावर गेलेच नव्हते, त्यांना स्वतःची नावे ऐकू आली. यातूनच पुढे माहिती अधिकाराच्या मागणीला बळ मिळाले, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली. खोटे नाव पकडण्यासाठी तज्ज्ञ लागला नाही. गावाला ऐकू जाईल अशा आवाजात यादी वाचणे पुरेसे झाले.

जुन्या शहाणपणाची दखल

याहून जुना दाखला हवा असेल तर खानदेशातील फड पद्धती पाहावी. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधारे घालून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक सिंचन करीत आले. लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः न करता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करावयाचे. एका फडात एकच पीक असल्याने कोणाला किती पाणी मिळाले हे बांधावरून चालणाऱ्यालाही कळे. पाटकऱ्याचा मोबदला लाभधारक देत, म्हणून तो त्यांना बांधील राही.

अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशा सामाईक व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली ग्रंथ लिहिला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान सूत्रे आढळली. सभासद कोण हे स्पष्ट असते. नियम करण्यात, ते ज्यांना पाळावयाचे त्यांचा हात असतो. देखरेख करणारा सभासदांना जबाबदार असतो. पहिल्या चुकीला लहान दंड, पुढच्या चुकीला मोठा. तंटा जवळच आणि स्वस्तात मिटतो. यांतील एकही सूत्र सभासदांच्या साधुत्वावर अवलंबून नाही. आपली पतसंस्था या कसोटीवर कोठे उतरते? ठेवीदार बहुधा 'नाममात्र सभासद' असतो. त्याला मत नसते. पैसा ज्याचा, त्याचा नियमाशी वा निवडणुकीशी संबंध नाही. पहिल्या चुकीला दंड होत नाही, आणि शेवटच्या चुकीला दंड करण्याजोगे काही शिल्लक उरत नाही.

प्रशासक हा उपाय नव्हे

संस्था बिघडली की आपल्याकडे एक हमखास मागणी होते: संचालक मंडळ बरखास्त करा आणि प्रशासक नेमा. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेवर प्रशासक आले. २०२२ पासून राज्यातील अनेक नगरपरिषदा व जिल्हा परिषदाही निवडणुकांअभावी वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. घराला आग लागली असता बंब बोलवावाच लागतो. पण बंबाला घर म्हणता येत नाही. प्रशासक वरच्याला जबाबदार असतो, सभासदाला नव्हे. तो गेला की संस्था पूर्वीच्याच रचनेत, पुष्कळदा पूर्वीच्याच माणसांच्या हाती जाते.

दुसरा आक्षेप असा, की नियम वाढले की कारकुनी वाढते आणि लहान संस्था त्याखाली दबते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाची मागणी अधिक नियमांची नसून, थोड्या नियमांची आहे. मात्र ते योग्य जागी असावेत.

काय करता येईल

पहिली गोष्ट, लेखापरीक्षकाची निवड संस्थेकडून काढून घ्यावी. नामिकेतून चिठ्ठी काढून जिल्हा पातळीवर नेमणूक व्हावी, आणि शुल्क संस्थांच्या अंशदानातून उभारलेल्या सामाईक निधीतून द्यावे. यास फार मोठा खर्च लागत नाही.

दुसरी, संचालक व त्यांचे नातलग यांना दिलेली कर्जे आणि सर्वांत मोठे वीस थकबाकीदार यांची मराठीतील यादी दर तिमाहीस संस्थेच्या दारावर लावण्याचे बंधन असावे. मोठ्या संस्था बुडतात त्या शेकडो लहान कर्जदारांमुळे क्वचितच; बहुधा मूठभर मोठ्या कर्जांमुळे. ती मूठ उघडी ठेवली पाहिजे. येथे लक्षात घ्यावे, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार सहकारी संस्था सर्वसाधारणपणे माहिती अधिकाराच्या कक्षेत 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. म्हणून हे बंधन सहकार कायद्यातूनच आले पाहिजे.

तिसरी, ठराविक रकमेवरील ठेवीदारांना मिळून संचालक मंडळावर एक तरी प्रतिनिधी निवडता यावा. चौथी, पतसंस्थांच्या ठेवींसाठी विम्यासारखी सक्तीची योजना असावी, आणि ती होईपर्यंत प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापावे: या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही.

या गोष्टी शासनाने करावयाच्या आहेत. पण सभासदाच्या हातातही काही आहे. सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमाने संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहण्याचा हक्क सभासदाला दिला आहे. हा हक्क किती जणांनी वापरला? आमच्याकडील सर्वसाधारण सभेचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. 'अहवाल वाचला असे समजून मंजूर' हा ठराव होतो, टाळ्या वाजतात, चहा-फराळ होतो आणि सभा संपते. कोणी उठून प्रश्न विचारलाच, तर शेजारचा सदरा ओढून खाली बसवितो. आपल्या माणसावर असा संशय घेऊ नये, हा त्यामागचा भाव असतो.

हा भावच बदलला पाहिजे. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. हे आपले बळ आहे आणि अडचणही आहे. कारण ओळखीच्या माणसाला हिशेब विचारणे हा त्याचा अपमान ठरतो. चांगली रचना नेमकी ही अडचण दूर करते. यादी नियमानेच दारावर लागत असेल, ताळेबंद नियमानेच वाचला जात असेल, तपासनीस नियमानेच बाहेरून येत असेल, तर प्रश्न विचारल्याचे ओझे कोणा एकावर पडत नाही आणि उत्तर देणाऱ्याचाही मान राखला जातो. प्रामाणिक संचालकाला अशा व्यवस्थेची सर्वांत जास्त गरज आहे. अफवेपासून त्याचे रक्षण दुसरे कोणी करू शकत नाही.

दर वर्षी ३० सप्टेंबरपूर्वी या वार्षिक सभा घ्यावयाच्या असतात. या वर्षी आपल्या संस्थेच्या सभेची सूचना हाती येईल, तेव्हा ती फराळाच्या पुड्याखाली न घालता नीट वाचावी, सभेपूर्वी एकदा कार्यालयात जाऊन ताळेबंद मागावा, आणि सभेत एकच प्रश्न विचारावा: आपल्या पहिल्या वीस कर्जदारांकडे मिळून किती रक्कम आहे, आणि तिचे तारण काय? उत्तर सरळ मिळाले तर संस्थेवरचा विश्वास वाढेल. न मिळाले, तर पिग्मीच्या एजंटाला उद्या काय सांगावयाचे, हे प्रत्येकाला घरी जातानाच कळलेले असेल.